कार्बोरेटरवर ठेवलेलं बोट

आण्णा, परवा मी कार्बोरेटर खोलला. स्कूटरचा नव्हे. आमच्याकडे केमला आता चार जाड टायरांची एक गाडी आलीये, एटीव्ही म्हणतात तिला. दोन मोटरसायकली शेजारी बांधून मधे एकच सीट टाकावं, तसं ध्यान. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टवर हौशी लोक तिच्यावर बसून धुरळा उडवायचे. सुनेनं ती जुनी बघून उचलली आणि मागे लहान ट्रॉली जोडली. केळीच्या दोन ओळींतनं ट्रॅक्टर जात नाही, ही जाते. मुलगा पुण्याला नोकरीत, बाग सूनच बघते, आणि चांगली बघते, तिच्या तोंडावर मी कधी म्हणणार नाही. बागेतनं घड बाहेर काढायची वाट विहिरीच्या कडेनं येते. आमच्या विहिरीला कठडा नाही.

गाडी आठ दिवस रडत होती. चोक ओढला तर चालू, चोक सोडला की मेली. स्लो बसत नव्हता, म्हणजे उभ्या जागी संथ चालायची नाही, रेस दिली की खोकायची. सून म्हणाली, जेऊरला मेकॅनिककडं टाकते. मी म्हटलं, "मेकॅनिक काय आभाळातनं पडलाय? डिसमिस आण, स्क्रू मीच खोलते." कार्बोरेटरची खालची वाटी सोडली तर तळाला काळा गाळ, चहाच्या चोथ्यासारखा. पेट्रोल सोडणारा बारीक जेट पार बुजलेला. पेट्रोलात भिजवला, फुंकला, उजेडाला धरला. त्याच्या भोकात तार घातली नाही. दहा वर्षांची होते तेव्हा भवानी पेठेतल्या तुमच्या गॅरेजात एकदा घातली होती, तर तुम्ही मनगट धरून म्हणाला होता, "भोक मोटं केलंस. आता ही गाडी मरूस्तर पेट्रोल पिणार, आन् मालक शिव्या मला देणार." मार नाही दिला, पण ते मनगट अजून तुमच्याच हातात असल्यासारखं वाटतं. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. सुनेनं शेजारणीला हाका मारून दाखवलं, "आमच्या आत्यांनी केली, चौथी शिकल्याल्या." मी फुगले, आण्णा. खोटं कशाला बोलू.

आणि काल दुपारी सून ट्रॉली भरून विहिरीपाशी आली. तिनं रेस सोडली, गाडीनं सोडली नाही. मी ओसरीवरनं बघत होते. तिनं किल्ली फिरवली म्हणून इंजिन मेलं. पुढचं चाक काठापासून हातभर लांब. ती उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि हसत म्हणाली, "रेसची तार अडकली असंल वो आत्या. जुनी हाय की." मी म्हटलं, व्हय, तारच असणार.

तार नव्हती. ती नवी तार आणायला जेऊरला गेली, तेवढ्यात मी खोलून बघितलं. रेस दिली की वर सरकते आणि सोडली की खाली बसते ती स्लाइड परवा मी परत घालताना तिरकी बसली होती. खाचेत न जाता एका बाजूला घासून चकचकीत झालेली. थोडी रेस दिली तर परत यायची, पूर्ण दिली की वरच अडकायची. आपल्या गल्लीत चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट, कानाला काही कळायचं नाही. म्हणून तुमचा नेम होता. गाडी बंद ठेवायची, कार्बोरेटरवर बोट टेकवायचं, रेस पूर्ण देऊन सोडायची. स्लाइड खाली बसल्याचा ठोका बोटाला लागला तरच गाडी मालकाच्या हातात द्यायची. मी परवा बोट ठेवलं होतं, आण्णा. नेम मोडला नाही. ठोका लागला नाही, तरी मी लागला असं धरून चालले. त्या मागांनी माझे कान नेले आणि आता साखरेच्या आजारानं बोटं नेलीत. काल टाचणी टोचून बघितली. दुखायच्या आधी रक्त दिसलं.

तुमच्या त्या मास्तरांची स्कूटर आठवते? तुम्ही झाकण बसवत होता आणि चहावाल्याशी भांडत होता. बोट टेकवलं नाही. मी डब्यावर बसून बघत होते. मास्तर कोपऱ्यावरच्या भिंतीला जाऊन धडकले, हात मोडला. तुम्ही गल्लीला सांगितलं, तार अडकली. मला काही सांगितलं नाही, फक्त एकदा बघितलंत. मी कधी बोलले नाही, पण मनात तुम्हाला खोटारडा म्हणत आले, लग्न होऊन गेल्यावरही. दर दिवाळीला मास्तरांच्या घरी फराळाचा डबा जायचा, तो मीच न्यायची. ते म्हणायचे, "तुजे आण्णा लई भला माणूस." मी मान खाली घालून परत यायची.

काल संध्याकाळी स्लाइड पुन्हा बसवली. सरळ बसली असं डोळ्यांना वाटतं. बोट ठेवलं, रेस दिली, सोडली. काही नाही. दहा वेळा केलं. लाकडाला हात लावल्यासारखं. बसलीये की नाही, देवाला ठाऊक. सुनेनं सकाळी उठून नवी तार टाकली आणि हात झटकले, झालं म्हणाली. व्यापाऱ्याची गाडी दहाला यायचीये, घड बाहेर काढायचेत, आणि ती मघापासून घरभर फिरतेय.

"आत्या, किल्ली बगितली का वो?"

"मला काय इचारतीस? तुझी वस्तू तू संबाळ."

"हितंच खुंटीला हुती की!"

"मग खुंटीला इचार."

किल्ली माझ्या कनवटीला आहे. पोटाला गार लागतेय, तेवढं मात्र कळतं. तिला सांगायला एक वाक्य पुरे. ती चिडणारसुद्धा नाही. "ऱ्हाऊ द्या आत्या, तुमी शेंगा सोला," एवढंच म्हणेल. आण्णा, त्याचंच भ्या वाटतं. पुन्हा कुणी डिसमिस हातात देणार नाही. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला आज या वयात कळलं, आणि कळून काही उपयोग नाही.

हा कागद चुलीत जाईल, तुम्ही गेलात तिथला पत्ता कुणाला ठाऊक. ती आता माझ्या गादीखाली शोधतेय. उठायला हवं. किल्ली सापडली म्हणेन, पण आधी इकडं ये आणि तुझं बोट इथं ठेव म्हणेन. तुमचं का नाही, असं तिनं विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.