कापलेल्या फोटोतली फ्लोरी

प्रिय आई,

काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं, त्याची चर्चमध्ये मिस्सा झाली. चर्चबाहेर जो तो तुमच्या शाळेच्या आठवणी काढत होता. बाईंचं अक्षर, बाईंचे पाढे, बाईंचा धाक. पण शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही मोबाईलवर जे काम केलंत, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते तुम्हाला चाललं असतं, मला चाललं नाही. म्हणून लिहायला बसले.

सुरुवात माझ्यामुळेच झाली, आठवतं? तुमच्या आणि पप्पांच्या लग्नातल्या फोटोला बुरशी लागली होती. मी एआयच्या ॲपवर तो साफ करून दाखवला. डाग गेले, कोटाची बटणंसुद्धा वर आली. तुम्ही चष्मा पुसून पाहिलंत आणि विचारलंत, की कोट त्यांचाच आहे, पण हे नाक कुणाचं? मला हसू आलं. पुढच्या रविवारी मी शहरातल्या एव्हरशाईनहून गावी नंदाखालला आले, तर तेच ॲप तुमच्या मोबाईलवर होतं आणि पप्पांचं नाक जागेवर आलं होतं. बहात्तराव्या वर्षी, आई!

मग गावातले लोक फोटो घेऊन येऊ लागले. फाटलेले, ओल लागलेले, वाळवीने खाल्लेले. प्रत्येकाला तुम्ही समोर बसवून विचारायचात, की हा कोण, ही कोण, केस कसे होते. मला ते वेळखाऊ वाटायचं. ॲप सगळं आपोआप करतं, मग एवढ्या चौकशा कशाला?

त्याचं उत्तर मला इनासच्या फोटोने दिलं.

इनास तुमचा जुना विद्यार्थी. नवं घर बांधलं म्हणून आईवडिलांचा फोटो मोठा करून लावायचा होता. फोटोत ते दोघं खुर्चीवर बसलेले, मागे मुलं उभी, आणि मुलांच्या मधोमध कात्रीने कापलेलं भोक. कापताना इनासचा खांदाही थोडा गेला होता. तो म्हणाला, "बाई, तेवढं भोक भरून द्या."

ॲपने क्षणात भरलं. मागच्या वाडीतली केळ पुढे ओढून आणली, इनासला नवा खांदा दिला. तिथे कधी कुणी उभं होतं याची खूणही राहिली नाही. मी तर थक्क झाले. तुम्ही मात्र त्या केळीवर बोट ठेवलंत.

"लीना, इथं केळ नव्हती," तुम्ही म्हणालात. "इथं फ्लोरी उभी होती."

फ्लोरी, इनासची मोठी बहीण. तीही तुमच्याच वर्गातली. तिने स्वतःच्या मनाने, समाजाबाहेर लग्न केलं आणि वडिलांनी तिला घरातून काढलं, फोटोतूनही. तीस वर्षं ती उमेळ्याला राहत होती. रिक्षाने पाऊण तासाची वाट, पण भावाबहिणीत बोलणं नाही.

मी तुम्हाला अडवलं होतं, आई. त्याने मागितलं तेवढंच द्या, दुसऱ्याच्या घरात कशाला पडता, असं म्हटलं होतं. त्या बोलण्याची आज लाज वाटते.

तुम्ही उमेळ्याला गेलात. आधी तिला विचारलंत, मला त्या फोटोत तुला परत उभं करायचंय, तुझी हरकत आहे का? ती तशीच उठून कपाटाशी गेली, असं तुम्ही नंतर सांगितलंत. मग कपाटातून तिने त्या वयातला स्वतःचा एक फोटो काढून दिला.

पुढचे दोन रविवार तुम्ही सांगत होतात आणि मी टाईप करत होते, शुद्धलेखनासारखं. ॲप फ्लोरीला गोरी करायचं, तुम्ही पुन्हा सावळी करायला लावायचात. ते तिला हसवायचं. तुम्ही म्हणालात, ती फोटोत हसत नसे, दात पुढे होते म्हणून ओठ मिटून उभी राहायची. किती वेळा पुसलं आणि किती वेळा काढलं! वैतागून मी म्हटलं, आई, कुणाला कळणार आहे? तुम्ही फक्त चष्म्यावरून पाहिलंत.

इनास आला तेव्हा तुम्ही दोन्ही प्रती त्याच्यापुढे ठेवल्यात. एक केळीची, एक फ्लोरीची. हवी ती ने, म्हणालात.

तो खाली बघून म्हणाला, "बापाने कापलं ते मी कसं जोडू, बाई?"

तुम्ही त्याला समजावत बसला नाहीत. मला वाटलं, हा आता केळीची प्रत उचलून निघून जाणार. त्याने फ्लोरीची उचलली, खिडकीपाशी नेली, आणि पाठमोराच बोलला, "तिचा हात असा खाली नव्हता. माझ्या खांद्यावर होता."

तो हात खांद्यावर आणायला आपल्याला आणखी दोन दिवस लागले. ॲप कधी सहा बोटं द्यायचं, कधी चार. पण त्या दोन दिवसांत आपण एकदाही कुरकुरलो नाही. छापून आल्यावर तुम्ही मागे पेन्सिलने लिहिलंत, "फ्लोरीला नंतर जोडले आहे." खोट्याची सावलीसुद्धा तुम्हाला नको होती.

त्यानंतर महिन्याभरातच तुम्ही गेलात. छातीत दुखतं हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत? एवढा एकच राग आहे तुमच्यावर.

आणि आई, काल मिस्सेला इनास आला तो फ्लोरीला घेऊन, एकाच रिक्षातून. दोघं एका बाकावर बसले. तुमचं नाव घेतलं गेलं तेव्हा ती हुंदके द्यायला लागली, तर त्याने आपला रुमाल तिच्या हातात ठेवला.

तुमच्या टेबलावर लोकांचे अकरा फोटो तसेच राहिलेत. ते मी पुरे करीन. चुकलं तर लाल शाई लावायला आता तुम्ही नाही, म्हणून प्रत्येक फोटो घेऊन आधी त्या त्या माणसाच्या दारात जाईन, बसेन, विचारीन. मोबाईल त्यानंतरच उघडेन.

तुमची सून,
लीना