घाईत उभी केलेली माणसं

सोम. ४ मार्च ९६, दिघा
संप सुरूच. कंपनीचं गेट बंद, त्यामुळे हे दिवसभर घरी. भाकऱ्या थापायला बसले! वेड्यावाकड्या, पण गरम. "तू वाच. पेपर जवळ आलाय," म्हणाले. बाहेरून बी. ए. करणाऱ्या बाईला असा नवरा मिळणं… देवाचे उपकार.
आज नेरूळच्या लायब्ररीत रोमचा इतिहास वाचला. गुलामांचं बंड.

बुध. ६ मार्च
गुलाम पळून व्हेसुव्हियस डोंगरावर चढले. रोमची खरी फौज परदेशात लढत होती. मग रोमच्या सेनापतीने वाटेत सापडतील ती माणसं घाईघाईत गोळा केली आणि डोंगराखाली छावणी टाकून उतरायची वाट अडवली. हे युद्ध नाही, चोरांची टोळी आहे, असंच रोमला वाटत होतं. ती माणसं कोण, कुठली, पुस्तकात काही नाही.
संध्याकाळी बाळू आला. माझा धाकटा भाऊ, कामासाठी साताऱ्याहून आमच्याकडे आलाय. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, हातात लाठी.
"आक्का, काम लागलं! नाक्यावर उभा होतो, ठेकेदारानं जीपमधी घातलं."
"कुठं?"
मान खाली. यांच्याच कंपनीच्या गेटवर. संपवाल्यांना अडवायला.
यांनी त्याला ताट वाढलं. जेवताना एवढंच, "टोपी मोठी झाली रं तुला." मला रडू आलं, हसूही.

शनि. ९ मार्च
आत्ताच दवाखान्यातून आलो.
आज यांची गेटवर धरणं धरायची पाळी, मी डबा घेऊन गेले होते. मालाचा ट्रक आत न्यायचा होता. हे आणि बाकीचे संपवाले वाटेत बसलेले. ठेकेदार ओरडला, "हाणा!" लाठ्या उठल्या. बाळूची नाही उठली. समोर त्याचे दाजी बसलेले, तो नुसता उभा.
संपवाल्यांतल्या कुणीतरी त्याच्यावर दगड उचलला. हे मध्ये गेले. कपाळ फुटलं. सगळे जागच्या जागी थांबले. ट्रक मागे गेला.
टाके पडले. डोळा वाचला. किती आभार मानू, कुणाकुणाचे…

रवि. १० मार्च
दगड मारणारा घरी आला. यांच्याच खात्यातला. दारातच बसला, आत येईना. हे म्हणाले, "च्या घे आधी." बाळूने कप नेऊन दिला. दोघं एकमेकांकडे बघेनात.
पुस्तकात, गुलाम रानवेलींच्या शिड्या करून कड्यावरून उतरले, छावणीच्या मागून आले. घाईत जमवलेली फौज पळाली. कुठे पळाली असतील? घरी कुणी दार उघडलं असेल?
माझं दार उघडं होतं. एवढं पुरे आहे मला.

सोम. ११ मार्च
सकाळी बाळू यांना म्हणाला, "दाजी, कामावर जाऊ का नको? तुमी सांगाल तसं."
"मी नाय सांगनार. गावाकडं म्हातारी आय हाय, तुझ्या पगाराकडं डोळं लावून बसलीय. तुझं तू ठरव."
ठेकेदाराची जीप बाळूला न्यायला आत्ता गल्लीच्या तोंडाशी आलीय. हॉर्न देतोय. बाळू यांच्या कपाळाची पट्टी बदलतोय. हळू, दुखू नये म्हणून. परत हॉर्न…