गजूनं ताण तोडला

१२ मे
आज दोनदा गाडी बोटीत घातली. चार बोगदे. बोगदा सरला की पहाड, पहाड सरला की पाणी, अन् पाण्यापाशी पुन्हा बोटीची रांग. याले माया पोरगा गजू नॉर्वे फिरणं म्हणते. मी मागच्या सीटवर पिशव्यायसंगं. जेवाले माशाचा थंडा तुकडा देल्ला. म्या घरचा ठेचा काढला तं पुण्याच्या सूनबाईनं काच खाली केली.

१४ मे
पहाडाखाली सफरचंदाचा बगीचा. पांढरा फुललेला, अन् वरून पाणी सुरूच. हे झाडं जन्मात तहानले नसतील. नुसते लाड.
सून म्हणे, "आई, मग तुम्ही संत्र्याला पाणी का देत नाही?"
सांगतलं. मिरगाच्या पावसाचं फूल पायजे तं मे महिन्यात पाणी बंद, त्यालेच ताण म्हणते. पानं गुंडाळली पायजे. मंग पावसानं ताण तुटला की झाड फुलते. चांदूर बाजारचा बगीचा तसाच तहानलेला ठेवून आली. शेजारचा शालिक रोज पायते.
"बिचारी झाडं" म्हणे. गजूनं मोबाईलवर तिकडचं ऊन पाह्यलं.

१५ मे
बोटीत शालिकचा फोन. "काकू, मोटर तुमी लावाले सांगतली काय? सकाळपासून पाणी चालू हाय."
गजूकडं पाह्यलं. त्याच्या मोबाईलवरून मोटर चालू होते, त्यानंच बसवली.
"तिकडं लय तपून राहिलं माय. पाहवलं नाई."
"काहून, तुये पाय भाजून राहिले होते काय? चौथीपासून बगीच्यात हाय ना बे तू?"
गजू मोटर बंद करे तं मोबाईलवर नुसतं गोल फिरे. शालिकले म्हटलं, फ्यूज काढ. तेवढ्यात बोट लागली अन् गाडी सरळ बोगद्यात. फोन कटला. बोगदा सरेना. आत निळे लाईट लावलेले, तमाशाच्या तंबूवानी. सून फोटो काढे. किळस आली सगळ्याची.
बाहेर निघाल्यावर लागला फोन. अर्धा बगीचा भिजला.

१७ मे
शालिक म्हणे भिजल्या झाडायची पानं उघडली, मस्त हिरवी दिसून राहिली. मस्त म्हणे. अवेळी पाणी भेटलं तं फुलाजागी पाला फुटू शकते; त्याची बी अक्कल पाण्यात गेली.
गजूले म्हटलं, मले परत धाड. म्हणे तिकीट पुढच्या महिन्याचं.
मोबाईलमधली मोटर त्यानं काढून टाकली. म्या नाई सांगतलं.

१९ मे
पुन्हा रांग. पुन्हा पाऊस.
सून झोपली. गजू गाडीबाहेर उभा राहून शालिकसंगं बोले. मले वाटलं हापिसचा फोन. "बारीक पाह्य ना. फूल हाय का पाला?" म्हणे. मंग फोन ठेवला. आत आला, ओलाचिंब.
"काय म्हणते?"
"अजून सांगता येत नाई म्हणे."
मी खिडकीकडं तोंड केलं. बोट दिसून राहिली, अजून पल्याडच हाय.