ओळंबा खोटा

३ फेब्रुवारी
नवं गाव, नवं काम, नवी खोली. खोलीला दोन खिडक्या, म्हणून बायको खूश. ठेकेदारानं जिन्यालगतची उंच भिंत बांधायला माझ्याकडे दिली. भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारा वडिलांचा दोरीचा पितळी ओळंबा पुसून पिशवीत टाकला. थापी हातात आली की आपण राजे.

९ फेब्रुवारी
शिडीवर गरगरलं. उतरून भडाभडा ओकलो. ठेकेदारानं सगळ्यांसमोर विचारलं, सकाळी सकाळी ढोसून येतोस का? आयुष्यात थेंबाला शिवलो नाही! तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर म्हणाले, कानातले खडे जागचे हललेत. खडे चाळण्यात माझी हयात गेली आणि आता ते माझ्याच कानात! खडे जागेवर बसावेत म्हणून मान धरून इकडून तिकडे फिरवली. उठल्या उठल्या डोकं ठणकतं, थापी हातातून निसटते, हे मी सांगत होतो. कानाचंच आहे म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. अरे, ऐकून तरी घ्या!

१६ फेब्रुवारी
पुन्हा गेलो. पुन्हा मान पिरगाळली. त्यांनाही माझी कटकट झाली असावी.

१८ फेब्रुवारी
माझी भिंत कललेली. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. ओळंबा सोडला, तर दोरीही भिंतीसारखीच तिरकी. वाऱ्यानं असेल. ठेकेदार म्हणाला, भिंत चांगली आहे, हात लावू नकोस. त्याला काय डोंबल कळतं? पाडली.

१९ फेब्रुवारी
हाकललं. वेडा म्हणाला मला.

२१ फेब्रुवारी
खोलीत ओळंबा टांगला. खिडक्या बंद. दोरी तिरकी. बायकोला विचारलं. सरळ आहे म्हणाली, आणि रडायला लागली.
वजन खालीच ओढणार, त्याला लबाडी येत नाही. मग तिरकं काय आहे—
भिंत सरळ होती. मी पाडली.

२४ फेब्रुवारी
डोक्याचा स्कॅन. तोल सांभाळणाऱ्या भागात, मेंदूच्या मागच्या बाजूला, गाठ. लिंबाएवढी. कान ठणठणीत! नवे डॉक्टर म्हणतात, आधी यायला हवं होतं. आलोच होतो की! दोनदा! मान पिरगाळून परत पाठवलं मला—

२५ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. हात ऐकत नाही. त्या कानवाल्याला एकदा समोर—
बायको म्हणते, पेन ठेवा आता. ओळी पानाबाहेर गेल्यात म्हणते, चादरीवर लिहिताय. खोटं. मला तर सगळं सरळ दिसतंय, अगदी ओळंब्यात, सर—