जावयाचे शंभर अंश

नागपूर, मंगळवार, दुपार

तीर्थरूप भाऊजींना मार्तंडचा नमस्कार. तुमचे पाय रत्नागिरीत आणि माझं डोकं नागपुरात, तेव्हा मधलं अंतर तुम्ही मनानंच भरून घ्यावं. ताईचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर? (ताई मागे म्हणाली की डब्यातल्या नारळाच्या वड्या मोजून ठेवल्या तरी कमी होतात. आमचा कोणावर संशय नाही.) इकडे सगळं बरं आहे. प्रेमलताची पाठ दुखते, पण ती मी रिटायर झाल्यापासून दुखते, म्हणजे चार वर्षं झाली, आता तिची सवय झाली आहे. फोन सोडून हा पत्राचा खटाटोप काहून, असं तुम्ही विचाराल. तर तुमच्याकडे फोन ताई उचलते, आणि हा विषय असा आहे की त्याची एक प्रत माझ्याजवळ असायला पाहिजे.

तुम्हाला माहीतच आहे की मार्चपासून आमच्या वसाहतीच्या समाजभवनात दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी ‘मोठ्या माणसांसाठी विज्ञान ओळख’ हा वर्ग चालवून राहिलो. त्याची सुरुवात कशी झाली ते मात्र तुम्हाला सांगितलं नव्हतं. वसाहतीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की आज दुपारी बारा ते तीन आकाशातून घातक किरण जाणार, मोबाईल अंगापासून दूर ठेवा. अकरा घरांनी मोबाईल फ्रिजमध्ये ठेवले. त्यातलं एक घर आमचं होतं. (फ्रिजची कल्पना माझीच. पत्रा जाड असतो.) संध्याकाळी सगळे थंडगार मोबाईल पुसत कट्ट्यावर बसलो, तेव्हा सर्वानुमते असं ठरलं की आपल्याला काहीच येत नाही. आमच्यातल्या कोणी शाळेत विज्ञान सोडलं नव्हतं, विज्ञानानंच आम्हाला सोडलं होतं. मला दहावीला त्यात पस्तीस होते, आणि ते पाहून वडील म्हणाले होते की मास्तर भला माणूस दिसतो. तरी वर्ग चालवायला मीच उभा राहिलो, कारण रजिस्टर ठेवता येणारा दुसरा कोणी नव्हता.

माझी शिकवण्याची पद्धत चोख आहे. हजेरीपट आहे. गैरहजर राहायचं तर अर्ज आहे. प्रश्न तोंडी विचारायचा नाही, गुरुवारपर्यंत लेखी द्यायचा, त्याला आवक क्रमांक पडतो. चालू प्रकरणाच्या बाहेरचा प्रश्न ते प्रकरण येईपर्यंत प्रलंबित. वर्गातल्या प्रेमिलाबाई घरगुती डब्यांची मेस चालवतात; त्यांनी पहिल्याच आठवड्यात प्रश्न दिला की दूध उतू जाते, पाणी काहून उतू जात नाही. तो प्रश्न क्रमांक दोनवर अजून विचाराधीन आहे, आणि त्या दर रविवारी त्याची स्थिती विचारतात. नत्थूजी म्हणून आहेत, इकडच्याच एका वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी करून रिटायर झाले. ते खिडकीजवळ बसतात आणि झोपतात, पण हजेरी शंभर टक्के. आणि एक शालिकरामजी आहेत, सावनेरकडचे शेतकरी, संत्र्याचा बगीचा होता. आता मुलाजवळ, सुशीलजवळ, आमच्याच वसाहतीत राहतात. सातवी पास. माणूस बोलतो कमी, पण बघतो फार. शेंगदाणे पाण्यात टाकले तर काही बुडतात काही तरंगतात, ते त्यांनी एक वाटीभर मोजून आणलं होतं, कोणी सांगितलेलं नसताना.

तुम्ही वर्गासाठी पाठवलेली हिरव्या शाईची वही आली त्या दिवसाचं काय वर्णन करू. घरच्या जावयानं, तेही पस्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या जावयानं, स्वतःच्या हातानं आपल्यासाठी बारा प्रकरणं लिहावी, हे आजकाल कुठे दिसते? प्रेमलतानं वहीला हळदकुंकू लावलं. मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि वर्गाला ताकीद दिली की ही आमच्या जावयाची वही आहे, हिच्यावर कोणी चहाचा कप ठेवणार नाही. आणि तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीवर माझा संसार मोडायची वेळ आली. (प्रेमलताचा नाही. वर्गाचा.)

त्या ओळीत तुम्ही लिहिलं आहे, ‘पाणी १०० अंशाला उकळते.’ म्हटलं, हे तर सोपं आहे, करूनच दाखवू. प्रेमिलाबाईंनी शेगडी आणि पातेलं आणलं, मी तापमापी विकत आणला, आणि नजर चांगली म्हणून वाचायचं काम शालिकरामजींना दिलं. मी टेबलावर रजिस्टर उघडून बसलो. रकाना आधीच आखला होता आणि त्यात १०० हा आकडाही आधीच लिहून ठेवला होता, कारण वेळ वाचतो. पाणी खळखळ उकळलं. शालिकरामजी वाकून बघत राहिले आणि म्हणाले, नव्याण्णव. मी म्हटलं थांबा, अजून चढेल. थांबलो. पाणी निम्मं झालं, पारा नव्याण्णववरच, खरं म्हणजे केसभर खालीच. मी म्हटलं तापमापी खराब आहे. दुसऱ्या रविवारी लकडगंजातून दुसरा आणला, जास्त किमतीचा. नव्याण्णव. पातेलं बदललं, स्टीलचं गेलं, जर्मनचं आलं. नळाचं पाणी गेलं, विकतचं आलं. प्रेमिलाबाई म्हणाल्या आच कमी पडून राहिली, म्हणून मेसची मोठी भट्टी आणली, त्यानं समाजभवनाचा पडदा थोडा जळला (त्याचा वेगळा पत्रव्यवहार चालू आहे). नव्याण्णव. भाऊजी, चार रविवार आम्ही पाणी उकळून राहिलो, दुसरं काही नाही. आणि त्या चारही रविवारी मी एकदाही खुर्चीतून उठून त्या तापमापीत बघितलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मला एकच दिसत होतं, की रजिस्टरात नव्याण्णव लिहिलं तर तुमची वही खोटी पडते. आणि जावयाची वही आपल्या हातानं खोटी पाडायची, हे आपल्या घरात कधी झालं आहे का? वडिलांनी तुमच्या कोणत्या शब्दाला कधी नाही म्हटलं होतं? लग्नात तुम्ही म्हणालात की भात कच्चा आहे, तर वडिलांनी साडेतीनशे माणसांचा भात परत लावला होता. (तो कच्चा नव्हता. मी खाल्ला होता.) तेव्हा एका अंशासाठी मी जावयाचा अपमान करणार नव्हतो. मी सरळ ठराव मांडला. ‘पाणी शंभर अंशाला उकळते असे हा वर्ग मानतो.’ सूचक मी, अनुमोदक नत्थूजी. त्यांना उठवून विचारलं, ते हाव म्हणाले. बाजूने नऊ. प्रेमिलाबाई तटस्थ, कारण दुधाचं उत्तर आलेलं नाही. विरोधात एक.

सह्यांसाठी रजिस्टर फिरवलं, तर शालिकरामजींनी पेन खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, आमच्या गावचा पावसाचा आकडा कचेरीत बसून लिवत होते. वावरात ढेकूळ वाळून राहिलं, अन् कागदावर चाळीस मिलिमीटर. मले वाटलं होतं, विज्ञानात असं नसन.” आणि चपला घालून निघून गेले. मी हजेरीपटावर ‘विनापरवानगी गैरहजर’ असं लिहिलं.

आता भाऊजी, जे मी ताईलाही कधी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. नोकरीत सात वर्षं मी एका तालुक्याच्या कचेरीत होतो. कोणत्या ते सोडा, सावनेर नव्हे. तिथे पर्जन्यमापक मागच्या अंगणात होता. पावसाळ्यात त्या अंगणात जायचं म्हणजे चिखल, आणि साहेबांना आकडा दहा वाजता लागायचा. मग मागच्या वर्षीचं रजिस्टर काढायचं, त्यात थोडं इकडेतिकडे करायचं, आणि लिहायचं. तेव्हा त्यात मला काही वाटलं नाही. सगळेच लिहीत होते. माझं अक्षर चांगलं म्हणून माझी तर स्तुतीही झाली होती.

पुढच्या रविवारी शालिकरामजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अर्जही नाही. अकरांपैकी सात जण आले, आणि मी ‘उष्णता’ हे तिसरं प्रकरण वाचून दाखवत असताना सगळ्यांची नजर त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर. प्रश्न येणं बंद झालं. आवक रजिस्टरात एक ओळ नाही. घरी येऊन मी प्रेमलताजवळ कटकट केली की बघ, एका अंशासाठी माणूस रुसतो. ती भाजी निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, “तुम्ही पाह्यलं होतं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बँकेत गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी ठेवलं. चष्मा पुसला. वाकलो. तोंडावर वाफ आली, चष्मा धुक्यानं भरला, परत पुसला, परत वाकलो. पारा नव्याण्णववर उभा होता, केसभर खाली, अगदी शालिकरामजी म्हणाले तसा. भाऊजी, मला लाज वाटली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी हजारो आकडे लिहिले, पण स्वतः वाकून बघितलेला हा बहुतेक पहिलाच. गॅस बंद करायचं सुचलं नाही आणि आमचं चहाचं पातेलं जळलं, ते प्रेमलताला अजून सापडलेलं नाही.

त्याच दिवशी शालिकरामजींच्या घरी गेलो. त्यांना म्हटलं, मी पाहिलं, नव्याण्णव आहे, चूक माझी. पावसाच्या आकड्याचंही सांगून टाकलं. त्यांनी आत चहा सांगितला. म्हणाले, मग रजिस्टरातलं शंभर खोडा अन् वहीतलंही खोडा, मी रविवारी येतो. मी म्हटलं रजिस्टरातलं आजच खोडतो, पण वहीत हात घालता येत नाही, ती आमच्या जावयाच्या हातची आहे. त्यावर त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. “जवायाचा मामला हाय म्हणता? मंग कठीण हाय गा,” असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. त्यांनाही तीन जावई आहेत. आम्ही दोघं तो चहा थंड होईपर्यंत तसेच बसून राहिलो, आणि काही न ठरता मी घरी आलो.

असं इकडचं वर्तमान आहे. तुमच्याजवळ आठवी-नववीची जुनी विज्ञानाची पुस्तकं पडून असतील तर पाठवावी, घाई नाही. ताईला गुडघ्यावर शेक घ्यायला सांगा. वडिलकीच्या नात्यानं लोभ आहे तो राहू द्यावा.

तुमचा,
मार्तंड

ता. क. पुस्तकांचं राहू द्या. खरं काम वेगळं आहे. काल नत्थूजी भाजीच्या ठेल्यावर भेटले, त्यांच्याजवळ मी हे रडगाणं गायलो. ते शांतपणे म्हणाले की दाब कमी असला की पाणी लवकर उकळते, दाब जास्त असला की उशिरा. बॉयलरवर त्यांनी जन्मभर तेच केलं. नागपूर समुद्रापासून तीनशे मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून इथे नव्याण्णव. समुद्राच्या काठी बरोबर शंभर. मी म्हटलं, अहो मग चार रविवार बोलले काहून नाही? तर म्हणाले, दाब सातव्या प्रकरणात आहे, आपलं तिसरं चालू होतं, तुम्हीच नियम केला. तेव्हा विनंती अशी की तुमच्या ओळीत, १०० च्या पुढे, पेन्सिलनं, कंसात ‘रत्नागिरीत’ एवढा एक शब्द घालण्याची परवानगी द्यावी. खोडाखोड काही नाही. तुमचे शंभर शाबूत, आमचे नव्याण्णव शाबूत.

ता. क. २ : परवानगी गृहीत धरून शब्द घातला आहे. पेन्सिल सापडली नाही म्हणून पेननं. रागावू नये.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात ताईचा फोन आला, आणि मला राहवलं नाही, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की पस्तीस वर्षं तुम्ही ती ओळ फळ्यावर लिहिली, पण पाणी उकळून पारा बघताना तिनं तुम्हाला काही पाहिलेलं नाही, आणि शाळेनं निरोपाला दिलेला तापमापी अजून डबीत आहे. मग तुम्ही फिरायला गेला असताना तिनंच तो काढून पाणी ठेवलं, आणि परत फोन करून सांगितलं की शंभर दिसलं. मी आनंदानं धावत शालिकरामजींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताईनं पाह्यलं, जवायानं नाही पाह्यलं. ज्यानं लिवलं त्यानं पाहावं.” त्यांचं बरोबर आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळी साडेनऊला मी समाजभवनातून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावणार आहे. तुम्ही गॅसपाशी उभं राहून स्वतः वाकून बघायचं. शालिकरामजी तेवढ्यापुरते यायला तयार झाले आहेत, बसायचं की उठून जायचं ते त्यानंतर ठरवणार. भाऊजी, शंभर दिसलं तर फारच चांगलं. पण साडेनव्याण्णव दिसलं, अठ्ठ्याण्णव दिसलं, चष्म्यावर वाफ येऊन काहीच दिसलं नाही, तरी तुमच्या पाया पडून सांगतो, जे दिसेल तेच सांगा.