खाली नाव कुणाचं घालू?

प्रिय चिमणे,

दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करायचा, बादलीत फडकं बुडवायचं आणि तुझ्या बाबांची हाक आली की बाहेर पळायचं, अशी आपली तेव्हाची सकाळ. तू दारात पेंगत दात घासत उभी. बाबा शिवायची कापडं बाजूला सारून पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी गल्लीच्या कोपऱ्यावरचा बातम्यांचा फळा पुसायची. मी अक्षरं शिकले ती अशी, पुसता पुसता. आदल्या दिवशी त्यांनी लिहिलेलं आधी वाचायचं, मगच फडकं फिरवायचं. एखादा शब्द अडला तर तेवढा तसाच ठेवायची. मग फळ्याच्या मधोमध एकटंच 'अर्थसंकल्प' उरायचं आणि बाबा हसत म्हणायचे, "आज गाडी इथे अडली वाटतं!"

आता पुसणारी मीच आणि लिहिणारीही मीच. ओळ सरळ येते. डावीकडे देश, उजवीकडे गल्ली, ही त्यांची मांडणी मी मोडलेली नाही. गेल्या आठवड्यात उजवीकडे बेकरीवाल्याला जुळ्या मुली झाल्याची बातमी होती आणि पोस्टमनमामांचं मांजर हरवल्याची. मांजर त्यांच्याच माळ्यावर सापडलं, तेही लिहायला लावलं त्यांनी. दुपारी वाचनालयातली जाड कादंबरी घेऊन बसते. बाबा नाहीत याची सवय झाली असं म्हणवत नाही. कप मात्र आता एकच काढते. बरं चाललंय माझं, खरंच.

डावीकडे सध्या रोज तेच. कुठे मोर्चा, कुठे दगडफेक, बाहेरून आलेल्यांनी परत जावं म्हणून. मी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी पुसायची. वाटायचं, देशाचं आहे, डावीकडेच राहील.

आपल्या गल्लीत शेवटच्या घरात वरच्या मजल्यावर एक नर्स आणि तिची म्हातारी आई भाड्याने राहत होत्या. फार लांबून आलेल्या. मुलगी दवाखान्यात पाळ्या करते, आई पायरीवर मटार सोलत बसते. तिला आपली भाषा येत नाही. मी शेजारी टेकले की ती तिच्या भाषेत कुणाची तरी गाऱ्हाणी सांगते आणि मी माझ्या भाषेत गुडघ्यांची. दोघींचं छान जमतं. पण लोकांच्या फोनवर बाहेरच्यांबद्दल काय काय फिरायला लागलं, त्याने घरमालक घाबरला आणि रविवारपर्यंत खोली सोडा म्हणाला.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी नाना आले, गल्लीचे अध्यक्ष, मागे पोस्टमनमामा, बेकरीवाला धरून चारपाच जण. "वहिनी, ठळक अक्षरात लिहा, या गल्लीत बाहेरच्यांना खोली मिळणार नाही." बाबांचा नियम तुला माहीतच आहे. जन्म असो, मरण असो, नाहीतर मांजर, बातमी देणाऱ्याचं नाव खाली आलंच पाहिजे. मी खडू उचलला आणि विचारलं, "लिहिते. खाली नाव कुणाचं घालू?"

"गल्लीचं घाला की!"

म्हटलं, "नाना, गल्ली माझ्याकडे कधी बातमी द्यायला आली नाही. माणसंच येतात."

पोस्टमनमामा म्हणाले, माझं नको, माझा मुलगाच परमुलखात भाड्याने राहतो. बेकरीवाला म्हणाला, माझं घातलंत तर बायको मला घरात घ्यायची नाही, त्या नर्सनेच बाळंतपण केलंय तिचं. सगळे हसले. नानांनी घड्याळ बघितलं आणि "बघू नंतर" म्हणत निघाले. ते वाईट नाहीत गं. बाबा गेले त्या दिवशी हलले नव्हते आपल्या ओट्यावरून. धास्तावलेत, एवढंच.

फळा कोराच राहिला, मला बरंही वाटलं. पण संध्याकाळी त्या दोघी बोचकी बांधताना दिसल्या. न लिहिल्याने खोली थोडीच मिळते!

आता पत्राचं कारण. मागच्या वेळी जाताना तू मला बजावलंस, बाबांची शिवणाची खोली आहे तशीच ठेव, तिथे अजून त्यांचा वास येतो. मीही तिथे कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. पण तू त्या नव्या शहरात गेलीस तेव्हा खोली मिळेना म्हणून फोनवर रडली होतीस, आणि शेवटी कुणा अनोळखी बाईने तुला घरात घेतलं. त्या बाईला मी पाहिलेलं नाही, पण दिवा लावताना ती आठवतेच. तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हणाली असतीस, तर मला तुझं ऐकावं लागलं असतं. राग आला तर कळव, गप्प बसू नकोस. रविवारी सकाळी मी बाबांची खोली रिकामी केली, धुऊन काढली आणि किल्ली त्या म्हातारीच्या हातात दिली.

तुझीच,
आई