ज्या कार्डांवर फक्त निळी रेघ होती

मॅडम, तुमचा पत्ता आता कुठलाच नाही, म्हणून वर तारीखही टाकलेली नाही. परवा नाशिकरोड स्टेशनावर आपल्या कारखान्यातला तो इगतपुरीचा माणूस भेटला, पत्रा कापायच्या प्रेसवरचा. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं डोक्यात घोळतंय. पण माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. सरळ मुद्द्यावर मी कधी आलेलो नाही. "अरे, निघालास कुठे आणि चाललास कुठे?" असं तुम्ही दिवसातून दोनदा तरी म्हणायचात. तर तसंच समजा.

सातपूरच्या कारखान्यात मी आलो तो आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवसांत. मॅट्रिकला बसून उठलेला, लासलगावात कांद्याच्या वॅगनींवर खडूनं नंबर टाकून कंटाळलेला. टायपिंग शिकलो होतो, तेही क्लासमध्ये पंखा होता म्हणून. त्या जोरावर तुमच्या खात्यात कार्डं पंच करायला चिकटलो. कंप्युटरची खोली थंडगार, मी अर्ध्या बाहीच्या शर्टात कुडकुडतोय, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही भावाचा जुना स्वेटर आणून टेबलावर टाकता. "घाल. कार्डं ओली करशील शिंकून." आभार मानायला जागाच ठेवली नाहीत. दुपारी डबा मात्र बाहेर जिन्यावर. भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. तो वास आत चालायचा नाही आणि तुम्हाला त्याशिवाय चालायचं नाही. "साहेबलोकांच्या नाकाला जपावं लागतं बाबा," म्हणत तुम्ही अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायचात.

आता कार्डांचं. आजची पोरं पडद्यावर प्रोग्रॅम लिहितात, त्यांना सांगितलं तर हसतात. आपला प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, एका कार्डावर एक ओळ. गठ्ठा हातातून पडला तर क्रम पुन्हा लावता यावा म्हणून त्याच्या वरच्या कडेवर मार्करनं तिरकी रेघ ओढायची, ही खात्यातली तुमच्या आधीपासूनची रीत. मग कुठली ओळ बदलायची झाली की जुनं कार्ड काढून नवं घालायचं. नव्या कार्डावर रेघ नसते, म्हणून तिथे रेघ तुटते. बऱ्याच ठिकाणी तुटली की दुसऱ्या रंगाची रेघ ओढायची. आधी लाल, मग हिरवी, मग निळी. म्हणजे ज्या कार्डावर तिन्ही रेघा ते मूळचं, ज्यावर फक्त निळी ते सगळ्यांत नवं. हे तुम्ही मला गठ्ठा डोळ्यांसमोर आडवा धरून दाखवलंत, तेव्हा मी कामात पहिल्यांदा गप्प बसलो. कधी, कुठे हात घातला ते त्या कडेवर दिसत होतं.

मुंबईच्या ऑफिसातून नवं मशीन यायचं ठरलं, आणि पाळ्या लावायचा आपला प्रोग्रॅम त्यावर नव्यानं लिहायचा होता. मुंबईचे साहेब म्हणाले, नियम तेवढे कळवा, बाकीचा कचरा टाकून द्या. तुम्ही म्हणालात, कचरा कुठला ते बघितल्याशिवाय नाही. आणि ते काम माझ्या गळ्यात. कार्डं रंगांप्रमाणे वेगळी करायची, एका वेळी झालेले बदल एकत्र बांधायचे, जुनी काढलेली कार्डं ड्रॉवरात होती ती त्यांच्याशी जुळवायची, आणि प्रत्येक जुडीवर चिठ्ठी: काय बदललं, का बदललं, खाली नोंद करणाऱ्याची सही. माझ्यासारख्या उंडग्याला तुम्ही सही करायला लावलीत! मी आठवडाभर ऐटीत होतो.

त्यात निळ्या रेघेची तीन कार्डं निघाली. एका कामगाराचा टोकन नंबर, आणि त्याला दुसरी-तिसरी पाळी कधीच लावायची नाही, बस. कार्डं घालणारा तुमच्या आधीचा माणूस नोकरी सोडून परदेशी गेलेला. मी चिठ्ठीवर "कारण: वशिला" लिहिलं आणि झोकात सही ठोकली. साहेब त्या दिवशी आलेलेच होते. ते हसले. "मुलगा हुशार आहे. काढून टाका ही तिन्ही. रात्रपाळी सगळ्यांना सारखी."

ते गेल्यावर तुम्ही चिठ्ठी माझ्यापुढे धरलीत. आवाज चढवला नाहीत, म्हणून जास्त लागलं. "काय बदललं ते तुला कार्डानं सांगितलं. का बदललं ते कुणी सांगितलं?"

"दिसतंच आहे की, मॅडम."

"दिसत नाही. तुला वाटतंय. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिही, त्यात लाज कसली? आमच्या वस्तीतला कुणी नोकरीला लागला की लोक हाच शब्द चिकटवायचे. न विचारता." आणि चिठ्ठी फाडलीत. "साहेब सोमवारी परत येतायत. तोवर विचारून ये. भटकायला सुट्टी देतेय, बघ."

मग मी भटकलो. कँटीनमध्ये कुणी दाद देईना. शेवटी पहिली पाळी सुटल्यावर त्या टोकनवाल्या माणसाच्याच मागे लागलो. थंडीचे दिवस. नाशिकरोडहून गाडीत त्याच्या शेजारी बसून मी त्याला वॅगनींच्या गोष्टी सांगतोय आणि तो तंबाखू मळत म्हणतो, "पोरा, तू लय बोलतो. मशीनवर असता तर बोटं गेली असती तुझी." इगतपुरीला उतरलो तर दिवस मावळत होता. टपरीवर चहा घेतला. अंधारू लागलं. त्यानं कपाकडे हात नेला तो शेजारी पडला, लाकडी फळीवर. मग चाचपत कप सापडला. उठताना त्यानं माझा खांदा धरला, सहज धरावा तसा, पण सोडला नाही.

"दिसत नाय का?" मी विचारलं.

"दिवसा कावळ्यावानी दिसतं. दिवेलागण झाली का संपलं. आपल्या शॉपातले दिवे कसे हायेत, म्हाईत हाय ना तुला? मागं एकदा रातपाळीला हात वरच्या साच्याखाली गेला व्हता. शेजारच्यानं वढला म्हून हाय." घरापर्यंत मी त्याला नेलं. दारात म्हणाला, "कुनाला बोलू नको. डाक्टरनं कागदावर घेतलं का घरी बसवतील मला. दोन पोरी हायेत."

सोमवारी सकाळी हे मी जिन्यावर तुम्हाला सांगितलं. भाकरी तशीच हातात राहिली तुमच्या. कारण लिहिलं तर त्याची नोकरी जाते. नाही लिहिलं तर साहेब कार्डं काढतात आणि तो रात्रीच्या प्रेसवर जातो. मी म्हणालो, "माहीत नाही लिहू का?" तुम्ही म्हणालात, "आता ते खोटं होईल." मग आत गेल्यावर पेन स्वतःच्या हातात घेतलंत. चिठ्ठीवर लिहिलंत: "कारण मला माहीत आहे. नियम ठेवावा. विचारायचं असल्यास मला विचारावं." आणि खाली, जिथे माझी सही असायची तिथे, तुमची सही केलीत.

साहेबांनी विचारलं. दार लावून विचारलं. काचेतून मला तुमची पाठ दिसत होती, साहेबांचे हात दिसत होते. तुम्ही बाहेर आलात तेव्हा कानशिलं लाल होती, पण चिठ्ठी जुडीवर तशीच होती. त्या वर्षी तुमची बढती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याचा ह्याच्याशी संबंध होता का? माहीत नाही. तुम्हीच शिकवलंत, तसंच लिहितो. पुढे मी कंटाळून नोकरी सोडली, मनमाडला गेलो, सुरतेला गेलो. तुम्ही आजारी होतात हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

तर परवाचं. तो म्हातारा दिसायला लागलाय, पण दहाही बोटं शाबूत. थोरलीचं लग्न झालं म्हणाला. मी विचारलं, पाळी कोणती? तर हसला. "पहिलीच. मशीन बदललं, साहेब बदलले, पन आपल्याला रातपाळी लागत नाय. त्या कंप्युटरलाच दया आली बघ माझी!" त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, मॅडम. तुम्हीही नाही. एवढी वर्षं तो एका यंत्राचे उपकार मानतोय. मी तोंड उघडलं. तुमचं नाव अगदी जिभेवर होतं.

इथे लिहिणार होतो की तेवढ्यात त्याची गाडी आली आणि राहून गेलं. पण गाडीला अजून अर्धा तास होता. आम्ही भजी खाल्ली, मी सुरतेच्या गोष्टी सांगितल्या. तुमच्या सहीची गोष्ट सांगितली असती तर त्यानं विचारलं असतं, आणि तू रे, तू कुठे होतास तेव्हा? मी शेजारीच उभा होतो. तुम्ही माझ्या हातातनं पेन घेतलंत, आणि मला बरं वाटलं होतं.